हाय-रिस्क शिक्षक आणि महामारीतली धास्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा शिक्षकांसाठी आहे ज्यांना आधीपासून काहीतरी मोठं दुखणं आहे आणि तरी रोज वर्गात उभं राहायचंय. मी स्वतः इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्यांवर असलेली शिक्षिका आहे, डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधांबद्दल जे काही लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे मुद्दे म्हणून घ्या, प्रिस्क्रिप्शन म्हणून अजिबात नको. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महामारी म्हटलं, ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं, पण ज्याची किडनी ट्रान्सप्लांट झालीये किंवा केमो चालू आहे त्याच्यासाठी ६ मे ला फार काही वेगळं उजाडलं नाही. म्हणून हे प्रश्न अजूनही येतात.

हाय-रिस्क म्हणजे नक्की कोण? मला साधी शुगर आहे, मी त्यात येते का?

येऊ शकता, पण सगळे एकाच पायरीवर नसतात. ट्रान्सप्लांट झालेले, ब्लड कॅन्सरवाले, केमोवर असलेले, रिटक्सिमॅब किंवा मायकोफेनोलेटसारखी इम्युनिटी दाबणारी औषधं घेणारे हे सगळ्यात वर. मग हृदयाचे, किडनीचे, फुफ्फुसाचे जुने आजार, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, गरोदरपण, आणि वय तर आहेच, ते एकटंच मोठा धोका आहे. कंट्रोलमध्ये असलेला सौम्य दमा आणि दर महिन्याला ॲडमिट व्हावं लागणारा दमा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दोघांनाही लोक "दमेकरी" म्हणून मोकळे होतात. डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: माझा आजार किती कंट्रोलमध्ये आहे, माझ्या औषधांनी इम्युनिटी किती कमी होते, आणि लसीचा मला कितपत उपयोग होईल. उत्तरं लिहून घ्या. अर्धी धास्ती "मला नक्की किती धोका आहे" हे धड माहीत नसल्याची असते.

माझी भीती खरी आहे की माझंच डोकं फिरलंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मला वाटतं इथेच नेहमीचे सल्ले कमी पडतात. "तू उगाच घाबरतेस, पॉझिटिव्ह राहा" हे तब्येतीनं ठणठणीत माणसाला सांगणं ठीक आहे, पण ज्याला खरोखर जास्त धोका आहे त्याला ते सांगणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं. तुमची भीती निराधार नाहीये. पण म्हणून ती सांगेल ते सगळं खरं असतं असंही नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं आणि तीच तर पंचाईत आहे.

मी अशी विभागणी करते. एखादा विचार आला की बघायचं, याच्या शेवटी काही करण्यासारखं निघतंय का. "माझ्या वर्गाच्या मागच्या खिडक्या उघडत नाहीत" याच्या शेवटी काम निघतं, शिपायांना सांगा, अर्ज द्या, खोली बदलून मागा. "पण मला झालंच तर? आणि व्हेंटिलेटर लागला तर? आणि मुलांचं काय?" याच्या शेवटी परत तोच प्रश्न येतो. पहिल्या प्रकारचा विचार हिशोब आहे, तो करायलाच हवा. दुसरा नुसता चरक आहे, त्यात तुम्हीच पिळून निघता आणि धोका तसूभरही कमी होत नाही. आणि यात तुम्ही एकटे नाही, महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात एन्झायटी आणि डिप्रेशनचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी वाढलं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं होतं, आणि त्यात आधीपासून आजार असलेल्यांना जास्त त्रास झाला.

छातीत दडपतं, धाप लागते. हा दमा आहे, कोविड आहे की पॅनिक?

याचं उत्तर जरा लांब आहे कारण इथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते.

पॅनिक अटॅक झपकन चढतो, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, कारण भरभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. दम्यात शक्यतो शिट्टीसारखा आवाज येतो, श्वास सोडताना जास्त अडकतं, पीक फ्लो मीटर (जोरात फुंकर मारून श्वासाचा वेग मोजायचं साधन) असेल तर आकडा खाली येतो आणि इनहेलर घेतल्यावर फरक पडतो. कोविड किंवा न्यूमोनियाची धाप तासातासानं, दिवसादिवसानं वाढते, जिना चढताना जास्त जाणवते, बरोबर ताप-खोकला-अंगदुखी असते, आणि मन शांत झालं म्हणून ती जात नाही. अर्थात हे तिन्ही एकमेकांत मिसळूही शकतात, त्यामुळे फक्त लक्षणं वाचून घरच्या घरी शिक्कामोर्तब करू नका.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. तुमची औषधंच घालमेल करत असतील. दम्याच्या सालब्युटामॉल पंपानं हात थरथरतात आणि धडधड होते, प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडनं झोप उडते आणि मूड वरखाली होतो, थायरॉईडचा डोस जास्त झाला तरी अगदी एन्झायटीसारखंच वाटतं. डॉक्टरांना विचारा, कधी कधी स्टेरॉईडची गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतल्यानंच बराच फरक पडतो. आणि दमा असेल तर धडधडीसाठी कुणाकडून तरी मिळालेली प्रोप्रॅनोलॉल परस्पर घेऊ नका, त्यानं श्वासनलिका आवळू शकतात. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्लाही विसरा, ऑक्सिजन खरंच कमी असेल तर तो धोकादायक आहे.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) असेल तर बरं वाटत असतानाचा आपला नेहमीचा आकडा माहीत असू द्या, जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) असेल तर तो मुळातच कमी असू शकतो. बाकीच्यांना साधारण ९५ आणि वर ठीक, ९३-९४ आला तर डॉक्टरांना फोन, ९२ किंवा कमी आला तर सरळ हॉस्पिटल. बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं की आकडा चुकतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, म्हणून आकडा चांगला आणि माणूस वाईट असेल तर माणसावर विश्वास ठेवा. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाहीये, ओठ निळसर दिसतायत, छातीत सतत दुखतंय, गोंधळल्यासारखं होतंय, यातलं काही असेल तर हे पान बंद करा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

तास चालू असताना अचानक घाबरायला झालं तर? सगळा वर्ग बघत असतो.

फळ्यावर भागाकार चाललाय, दुसऱ्या बाकावरून ओला, खोल खोकला येतो आणि खडू हातात तसाच राहतो. मान ताठ, कान गरम, पुढचा आकडा आठवत नाही, आणि डोक्यात फक्त एकच, हा सकाळपासून खोकतोय का?

अशा वेळी आधी वर्गाला काम द्या. "पुढची दोन गणितं वहीत सोडवा, बोलायचं नाही." हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. मग खिडकी किंवा दाराशी जा, पाय जमिनीवर घट्ट टेकवा, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, चार मोजत आत आणि सहा-सात मोजत बाहेर, हळू. "शांत हो शांत हो" असं स्वतःला बजावू नका, त्यानं उलट वाढतं. "हे पॅनिक आहे, चढलंय, उतरेल" एवढंच पुरे. गरज पडली तर शेजारच्या वर्गातल्या सरांना दारातून खूण करून दोन मिनिटं बाहेर जा, पण शक्य असेल तर परत या. तिथूनच घरी गेलात की मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटपाशीच धडधड सुरू होते.

खोकणाऱ्या मुलाचं? त्याला ओरडू नका, सगळ्यांसमोर उठवूही नका. मास्क द्या, खिडकीजवळ बसवा, ऑफिसमधून पालकांना फोन जाऊ दे.

मग वर्गातला खरा धोका कमी कशानं होतो?

हवेनं. हा व्हायरस मुख्यतः हवेतून पसरतो हे मान्य व्हायला फार वेळ गेला आणि तोवर आपण सगळे बाकं पुसत बसलो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या प्रॅक्टिसला ६१ जण होते, त्यातल्या ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याचा दाट संशय होता. बंद खोली, भरपूर वेळ आणि मोठा आवाज. वर्गाचं वर्णन वाटतंय ना?

तर, समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडी ठेवा, थोडी फट असली तरी चालेल पण दोन्ही बाजूंना हवी. शाळा देत असेल तर हेपा फिल्टरचं मशीन मागा, खोलीच्या मापाचं, आणि ते चालू ठेवायचं, आवाज होतो म्हणून बंद करून ठेवलेली मशीनं मी पाहिलीयेत. कार्बन डायऑक्साइड मीटर मिळाला तर खोलीत कोंडलेली हवा किती आहे ते कळतं: बाहेर साधारण ४२० पीपीएम, वर्गात ८०० च्या आत असेल तर छान, १५०० च्या वर गेलं तर हवा अगदीच शिळी. फक्त लक्षात ठेवा, फिल्टर व्हायरसचे कण काढतो, कार्बन डायऑक्साइड काढत नाही, म्हणून फिल्टर चालू असून आकडा चढला तर लगेच हबकू नका. आणि दर पाच मिनिटांनी मीटर बघत बसलात तर तोच नवा आजार होईल, तासाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, बास.

मास्क एन९५ किंवा एफएफपी२, चेहऱ्याला घट्ट बसणारा. चष्म्यावर वाफ येत असेल तर वरून हवा गळतेय. सर्जिकल मास्क बाजूनं उघडा राहतो, काहीच नसण्यापेक्षा बरा एवढंच. बाकी कोणी घालत नसलं तरी तुमचा एकट्याचा चांगला मास्क तुम्हाला बऱ्यापैकी वाचवतो. आणि कॉलर माईक घ्या. मास्कमधून ओरडून घसा बसतो, मग आपण नकळत मास्क खाली ओढतो, आणि मोठ्यानं बोलल्यावर तोंडातून कणही जास्त बाहेर पडतात हे मोजलं गेलेलं आहे. त्याच कारणासाठी एका सुरात कविता म्हणणं, पाढे म्हणणं मैदानात. डबा स्टाफरूमच्या गर्दीत नको, कारण मास्क काढायची वेळ तीच असते.

वह्या तपासायची भीती वाटते. सॅनिटाईझ करू का? उन्हात ठेवू का?

नको. हात धुवा आणि तपासा. पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारण दहा हजारात एकापेक्षाही कमी असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं. तुमच्या रोजच्या यादीतून काढून टाकायची पहिली गोष्ट हीच, कारण असे विधी वाढत जातात, आज वह्या, उद्या खडू, परवा पर्सचा बंद, आणि सगळं पुसून झालं तरी मन म्हणतं एक कोपरा राहिला.

मुख्याध्यापकांशी कसं बोलू? त्यांना वाटेल काम टाळतेय.

घाबरल्या मनानं, मधल्या सुट्टीत, पॅसेजमध्ये उभ्या उभ्या बोलू नका. वेळ मागून घ्या आणि आधी लिहून पाठवा. "मला खूप टेन्शन येतं" यावर त्यांना काही करता येत नाही, "मला अमुक खोली हवी" यावर हो किंवा नाही म्हणता येतं. साधारण असं:

"सर, माझ्या औषधांमुळे मला श्वसनाच्या संसर्गाचा धोका जास्त आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलंय. पुढच्या सत्रासाठी तीन विनंत्या आहेत. दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली खोली मिळावी. प्रॉक्सी तास शक्यतो देऊ नयेत, त्यात रोज नव्या वर्गाशी संपर्क येतो. पालकसभा मी फोनवर किंवा मैदानात घेईन. एक महिन्यानं बसून काय जमलं ते बघू. त्या बदल्यात पेपर सेटिंग आणि वेळापत्रकाचं काम मी घ्यायला तयार आहे."

शेवटचं वाक्य ऐच्छिक आहे, तब्येतीसाठी सोय मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, पण स्टाफरूमचं राजकारण ज्यांना माहितीये त्यांना ते का लिहिलंय ते कळेल. आजाराचं नाव सगळ्यांना सांगायची गरज नाही, पत्रात "श्वसनाच्या संसर्गाचा वाढीव धोका" एवढं बऱ्याचदा पुरतं. तोंडी हो म्हणाले तरी नंतर एक मेसेज टाकून ठेवा, "आज ठरल्याप्रमाणे..." म्हणून. सत्र मध्यावर आलं की कोणालाच काही आठवत नसतं. नाहीच ऐकलं तर संघटना, आणि आपल्याकडचे नोकरीचे नियम काय म्हणतात ते बघा, प्रत्येक ठिकाणी ते वेगळे आहेत.

सहकारी टोमणे मारतात. "आम्हाला नाही का जीव?"

आहे की. आणि त्यांनाही भीती वाटत असते, तुमचा मास्क त्यांना ती आठवण करून देतो, म्हणून तो खुपतो असं माझं मत. एक ठरलेलं छोटं उत्तर ठेवा, "माझ्या गोळ्यांमुळे डॉक्टरांनी सांगितलंय", आणि विषय बदला. वाद घालून कोणी पटलेलं मी पाहिलं नाहीये. एक मात्र करा, स्टाफमध्ये एक तरी माणूस असा ठेवा ज्याला सगळं खरं माहितीये, जो तुमच्या चेहऱ्यावरून ओळखेल आणि तास सांभाळेल.

लस घेतली तरी भीती जात नाही. हा वेडेपणा आहे का?

इम्युनिटी दाबणारी औषधं असतील तर नाही, लसीनंतर अँटीबॉडी कमी तयार होतात म्हणूनच तर अशा लोकांना जादा डोस सुचवले गेले. लस तरीही घ्याच, गंभीर आजारापासून काहीतरी संरक्षण मिळतंच. पण भीती कमी करायला सगळ्यात उपयोगी काय पडलं तर "झालंच तर काय" याचा लेखी प्लॅन. कपाटाच्या दारावर चिकटवा: टेस्ट कुठे करायची, कोणाला फोन करायचा, माझी औषधं कोणती, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. पॅक्सलोविडसारखी अँटिव्हायरल गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करावी लागते, आणि ती टॅक्रोलिमस (ट्रान्सप्लांटनंतर देतात ते औषध), काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांच्याशी भांडते, म्हणून ती तुम्हाला चालेल का हा प्रश्न आजारी पडायच्या आधी विचारून ठेवायचा. रात्री दोन वाजता "मला झालं तर?" सुरू झालं की म्हणता येतं, त्याचं उत्तर कपाटावर आहे.

इम्युनिटी वाढावी म्हणून माझ्या गोळ्या काही दिवस बंद करू का?

परस्पर अजिबात नाही. मूळ आजार उसळला तर धोका आणखी वाढतो, आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉईड एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

रात्री झोप लागत नाही, फोनवर बातम्या बघत राहते.

बातम्यांना दिवसात एक वेळ ठरवा, संध्याकाळच्या आधीची, आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपला म्यूट. काळजी करायलाही वेळ ठरवून देता येतो, ऐकायला विचित्र वाटतं पण थेरपीमध्ये हे खरंच वापरतात: रोज पंधरा-वीस मिनिटं, वही घेऊन, जेवढी करायची तेवढी काळजी तेव्हा करायची, आणि इतर वेळी विचार आला की "साडेपाचला बघू" म्हणून एका शब्दात टिपून ठेवायचं. साडेपाचला त्यातले निम्मे विचार शिळे झालेले असतात. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत कंटाळवाणं काहीतरी करा. वह्या तपासा म्हणाले असते, पण त्यानं अजूनच जाग येते, काही निबंध असे असतात.

घरूनच शिकवायला मिळालं तर सगळं सुटेल का?

लाट मोठी असताना, डॉक्टर सांगत असताना, हो, घरी थांबा आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या, तेव्हा कोणी कोणाला पळपुटा म्हटलं नाही. पण धोका उतरल्यावरही घरीच राहिलं की भीती आपोआप उतरत नाही, उलट वर्ग आणखी भयानक वाटायला लागतो. परत जाताना पायरीपायरीनं जा, आधी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून या, मग एक तास, मग अर्धा दिवस. प्रत्येक पायरीवर भीती थोडी खाली येईपर्यंत थांबायचं. फक्त "भीती मोडायची" म्हणून खिडक्या बंद असलेल्या खचाखच हॉलमध्ये विनामास्क जाऊन बसणं ही काही थेरपी नाही, तो जुगार आहे. तुमच्या थेरपिस्टला तुमच्या आजाराबद्दल नीट माहिती नसेल तर द्या, नाहीतर तो तुमची सगळी खबरदारी लक्षणात जमा करेल.

काउन्सेलरकडे किंवा सायकियाट्रिस्टकडे कधी जायचं?

एन्झायटी मोजायची जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, २१ पैकी मार्क. १० किंवा वर आले तर अपॉइंटमेंट घ्या. मार्क कमी आले पण शाळेत जाववत नाहीये, चिडचिड घरच्यांवर निघतेय, जेवण-झोप बिघडलीये, तरीही घ्या. सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या थेरपीचा, चांगला उपयोग होतो. गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीचे काही दिवस घालमेल वाढूही शकते, हे माहीत नसलं की लोक आठव्या दिवशी सोडून देतात. तुमची बाकीची सगळी औषधं त्यांना दाखवा. जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर आठवडे मोजू नका, आजच कोणाला तरी सांगा, हेल्पलाईन, डॉक्टर, बहीण, कोणीही.

मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही अजून मास्क का घालता?" काय सांगू?

खरं आणि थोडक्यात. "मी एक औषध घेते, त्यामुळे मी पटकन आजारी पडते, म्हणून घालते." लहान मुलं "बरं" म्हणतात आणि लगेच पुढचा प्रश्न विचारतात, टॉयलेटला जाऊ का. मोठी मुलं थोडं जास्त विचारतील, कधी कधी एखादं मूल नंतर एकटं येऊन सांगतं की घरी आजीला पण असंच आहे. त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटं ठेवा.